गॅदरिंगच्या पुढचं नाटक

शाळेतलं नाटक म्हणजे गॅदरिंगची एकांकिका, हा हिशेब नगर जिल्ह्यातल्या कर्जतमध्येही पक्का आहे. थोडे दिवस तालीम, एक रात्र प्रयोग, की पोरं पुन्हा सराव परीक्षेला बसली. राज्य मंडळाच्या दहावीला नाटकाचा शंभर गुणांचा स्वतंत्र पेपर नाही. मात्र 2023 च्या राष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम आराखड्यात चित्रकला, संगीत, नृत्य यांच्या बरोबरीने नाट्यही आहे. मग नाटक ‘विषय’ म्हणून शिकायचं, तर वर्षभर करायचं काय?

सुरुवात अंगापासून आणि आवाजापासून. नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. आठवी-नववीला पहिले दोन पुरतात. समजा, टँकर आलाय आणि रांगेतल्या बाईला एकच वाक्य आहे, ‘नंबर माझा हाय.’ ते एकदा भांडून म्हणायचं, एकदा गयावया करून, एकदा हंडा खाली ठेवत शांतपणे. आता हंडा वाक्याआधी ठेवून पाहा: बाई जागा अडवून बोलतेय. वाक्यानंतर ठेवा: ती थकून गेलीय. शब्द तेच, अर्थ वेगळा. करणाऱ्याइतकंच बघणाऱ्यांनाही काम असतं. फरक कशामुळे पडला ते त्यांनी सांगायचं.

दुसरा टप्पा संहितेचा. इथे धडा वाचतात तसं वाचून भागत नाही. या पात्राला आत्ता काय हवंय, कोण आडवं येतंय, ते समासात लिहायचं; थांबा, हालचाली, एन्ट्री यांच्या खुणा करायच्या. एकनाथांचं भारूड सोबत घेतलं तर फारच उत्तम. त्यात सोंग घेणारा थेट समोरच्यांशी बोलतो, नेपथ्य लागत नाही. विंगा-पडद्याच्या नाटकाहून हे वेगळं कसं, ते मुलांना करूनच कळतं.

तिसरा टप्पा स्वतःचं नाटक उभं करण्याचा. चार-पाच जणांचा गट विषय निवडतो: ऊसतोडीला गेलेल्यांचं मागे राहिलेलं घर, रेहेकुरी अभयारण्यातले काळवीट आणि शेजारचं शेत. आधी उत्स्फूर्त प्रसंग करायचे, जमलेले ठेवायचे, मग संवाद लिहायचे. प्रकाश, वेशभूषा, सामान सांभाळणाऱ्यालाही गुण असतात.

आणि गुण द्यायचे कसे? केंब्रिजच्या आयजीसीएसईच्या नाटक विषयात लेखी पेपरला 40 टक्के आणि प्रत्यक्ष कामाला 60 टक्के वजन आहे. त्या कामात एक एकट्याचा प्रवेश, एक संहितेतला गटप्रवेश आणि एक गटाने स्वतः रचलेला प्रयोग असतो.

पुढची वाटही आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालय राज्य बालनाट्य स्पर्धा घेतं. बारावीनंतर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकाची पदवी घेता येते. नगरला तर नाटकाची परंपराच आहे: मधुकर तोरडमल इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत, सदाशिव अमरापूरकर इथलेच.

शाळेला सुरुवातीला हवी बाकं सरकवलेली एक खोली, आठवड्याच्या दोन तासिका आणि प्रत्येकाची तालमीची वही. काय करून पाहिलं, काय फसलं, काय बदललं, हे त्या वहीत असलं की स्टेजवर घाबरणाऱ्या पोरालाही या विषयात चांगले गुण पडू शकतात.