छायाचित्रातील गाडीची साक्ष

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, भारतातून आणलेल्या एखाद्या ट्रंकेच्या तळाशी, जुनी छायाचित्रे जपून ठेवलेली असतात. पाठीमागे ना नाव, ना साल. त्यांतील माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळी एकेक करून आपल्यातून निघून जात आहेत. अशा वेळी चित्रात सहज आलेली एखादी मोटारगाडी साक्षीदार ठरू शकते. तिची साक्ष कशी घ्यावी, हे मला आमच्याच घरातील एका छायाचित्राने शिकविले.

बेरशेवा येथे काढलेले हे छायाचित्र माझ्या आत्यांनी आयुष्यभर सांभाळले. एका मालवाहू पिकअप गाडीच्या मडगार्डला टेकून एक गृहस्थ उभे आहेत. टोपीच्या सावलीने त्यांचा चेहरा झाकला आहे. आमचे आजोबा १९४९ साली सहकुटुंब या देशात आले आणि १९५० च्या पेसाहपूर्वीच निवर्तले. इस्राएलातील त्यांचे हे एकमेव छायाचित्र, असे आत्या आम्हांला लहानपणापासून सांगत आल्या. वंशावळ तयार करणाऱ्या माझ्या मुलीने साल विचारले, म्हणून मी भिंग घेऊन बसलो.

बॉनेटवर शेवरले हे नाव स्पष्ट वाचता येत होते. या कंपनीने महायुद्धानंतरची नवी मालवाहू गाडी जून १९४७ च्या अखेरीस बाजारात आणली आणि १९५५ च्या प्रारंभापर्यंत तिचा बाह्याकार जवळजवळ तोच ठेवला. म्हणून या सर्व गाड्या प्रथमदर्शनी सारख्याच भासतात; वर्षावर्षांतील भेद बारकाईने शोधावे लागतात.

पहिल्या गाड्यांच्या बॉनेटच्या बाजूस ‘थ्रिफ्टमास्टर’सारखे नाव असे; १९४९ पासून त्या जागी आकडा आला, अर्ध्या टनाच्या गाडीवर ३१००. त्याच वर्षी पेट्रोलची टाकी केबिनमध्ये आसनामागे गेली आणि तिचे तोंड उजव्या दाराच्या मागे आले. १९५१ साली दाराच्या खिडकीत, पुढच्या बाजूस, वाऱ्यासाठी एक लहान फिरती काच बसविण्यात आली. १९५२ साली दाराची खाली वळवावयाची मूठ जाऊन बटणाची मूठ आली. समोरची काच १९५३ पर्यंत दोन तुकड्यांची, मध्ये पट्टी असलेली होती आणि पुढच्या जाळीस पाच आडव्या पट्ट्या होत्या. १९५४ साली काच अखंड झाली व जाळीही बदलली.

आमच्या चित्रात समोरच्या काचेस मधली पट्टी आहे, म्हणजे गाडी १९५४ च्या पूर्वीची. दाराची मूठ त्या गृहस्थांच्या कोपराआड दडली आहे; पण खिडकीतील लहान काच अर्धी उघडलेली स्पष्ट दिसते. म्हणजे १९५१!

मी स्वतःशीच वाद घातला. अमेरिकेत नव्या वर्षाचे मॉडेल आदल्या वर्षाच्या अखेरीसच विक्रीस येते. तरीही १९५० चा पेसाह त्याच्या कितीतरी आधीचा. दार मागाहून बदलले असेल काय? असेल, परंतु तसले दार तयार होण्यापूर्वी ते बसविणार कोठून? चित्रात जो भाग सर्वांत नवा, तोच सर्वांत आधीची शक्य तारीख ठरवितो. मग हे चित्र मुंबईचे तर नसेल? जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालू होता. पण भारतात चालक उजवीकडे बसतो आणि या गाडीचे चाक डावीकडे आहे. चित्र उलटे छापले गेले म्हणावे, तर बॉनेटवरील अक्षरे सुलट आहेत.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. गाडी वीस वर्षेही चालते. चित्र अमुक काळाच्या आधीचे नाही, एवढेच ती सांगते. नंतर किती, हे सांगत नाही.

आत्यांना हे कसे सांगावे, या विचारात दोन शब्बाथ गेले. अखेर भिंग त्यांच्या हाती दिले आणि काचेची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “टोपी मात्र बाबांचीच रे. ते गेल्यावर दादा घालीत असे.”

चित्रातील गृहस्थ म्हणजे आमचे मोठे काका असावेत. चित्राच्या पाठीमागे आत्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले : “बहुधा दादा. बेरशेवा. १९५० च्या अखेरीनंतर. टोपी बाबांची.”

आपणही येत्या शब्बाथनंतर घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे. छायाचित्राच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावे लिहून घ्यावीत. गाडीचे साल पुढेही कोणी शोधून काढील. टोपी कोणाची होती, हे सांगणारे माणूस आज आपल्याजवळ आहे.