डेंग्यूचा डास घरातच वाढतो

संध्याकाळी दारं-खिडक्या लावून घेतल्या, कॉइल पेटवली की डासांचा बंदोबस्त झाला असं आपण समजतो. पण डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात क्वचितच वाढतो. त्याला लागतं आपल्या घरात साठवलेलं स्वच्छ पाणी. आणि तो चावतो दिवसाउजेडी, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी.

फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून बघा. त्यात अळ्या असतील तर टॉर्चचा उजेड पडताच पाण्याच्या पृष्ठभागाला लटकलेल्या त्या वळवळत तळाशी जातील. अंड्यातून डास व्हायला उबदार हवेत साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. मात्र नुसतं पाणी ओतून भागत नाही, आणि नेमकं हेच आपण विसरतो. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवून. सुक्या भांड्यातही ती कित्येक महिने टिकतात. पाणी भरलं की फुटतात. तेव्हा पिंप, कूलर, मनी प्लांटची बाटली आतून काथ्याने खसाखसा घासायलाच हवी.

जी टाकी रिकामी करता येत नाही, तिला घट्ट झाकण लावा किंवा तिच्यात गप्पी मासे सोडा. खिडक्यांना बारीक जाळी बसवा. आणि बाळ दुपारी झोपलं असलं, तरी त्याला मच्छरदाणी लावाच.