बंबातील ज्वलन : रचनेतील दोष व त्यावरील उपाय

थंड देशांत लाकडावर चालणारी शेगडी प्रामुख्याने खोलीतील हवा तापविण्यासाठी असते. महाराष्ट्रात तेच काम पाण्याच्या बाबतीत करावे लागते. बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात असलेल्या धामणगाव बढे या गावी, किंवा त्यासारख्या कोणत्याही गावी, पौषातील पहाट कितीही बोचरी असली तरी घर तापविण्याची कल्पना कोणास सुचत नाही. अंगणात शेकोटी पेटते आणि ऊन वर आले की विझते. अंघोळीचे पाणी मात्र रोज तापवावे लागते, आणि वर्षातील कित्येक महिने घरातील सरपणाचा मोठा वाटा त्यातच खर्ची पडतो. म्हणून लाकडी शेगडीच्या रचनेत जगभर ज्या सुधारणा झाल्या त्यांचा येथील विचार करावयाचा तर तो बंबाच्या संदर्भात करणे सयुक्तिक ठरते.

बंब हा शब्द मराठीत दोन परस्परविरुद्ध वस्तूंस लागतो. आग विझविणारा तोही बंब आणि आग पोटात घेऊन उभा राहणारा तोही बंब. यांपैकी दुसरा म्हणजे तांब्याचा वा पितळेचा उभा नळकांडा; त्याच्या मध्यातून वरपर्यंत गेलेली एक नळी, नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेची जागा आणि नळीभोवती पाणी. पुण्याच्या तांबट आळीत ज्या वस्तूंनी तांबटांचे नाव झाले त्यांत बंबाची गणना होते. अनेक बंबांत थंड पाणी नरसाळ्यातून तळाशी ओतावे, तेव्हाच वरचे गरम पाणी तोटीतून बाहेर पडते. ही योजना वाटते त्याहून चतुर आहे. तीमुळे गरम पाणी थंड पाण्यात मिसळत नाही, आणि बंब कधीच कोरडा राहत नाही. कोरडा बंब पेटविल्यास सांध्यांचा डाख वितळतो. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते आणि आतील जाळ त्याहून कितीतरी तापलेला असतो.

आगीने वेढलेल्या भांड्यापेक्षा पाण्याने वेढलेली आग अधिक किफायतशीर असते, हे बंबामागील तत्त्व होय. त्याचा अर्थ थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी १५ लिटर पाणी लागते असे धरले, आणि ते २५ अंशांनी तापवावयाचे असले, तर ७५ लिटर पाण्यास १,८७५ किलोकॅलरी उष्णता द्यावी लागते. हवेत वाळलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे ३,६०० किलोकॅलरी मिळतात. सगळी उष्णता पाण्यात उतरती तर अर्धा किलोहून थोडे अधिक लाकूड पुरले असते. तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवल्यास उष्णतेचा साधारण सातवा हिस्सा पाण्यात जातो, म्हणून साडेतीन किलो लाकूड लागते. बंबासारख्या साधनात हे प्रमाण शेकडा ४० पर्यंत नेता आले तर १.३ किलो पुरते. शंभर दिवसांच्या हिवाळ्यात या दोहोंतील अंतर दोन क्विंटलांवर जाते. इतके सरपण डोक्यावरून कोण वाहून आणते हे ग्रामीण घरांत सांगावे लागत नाही.

१ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली आणि स्वयंपाकाचा गॅस खेड्यांतील असंख्य घरांत पोहोचला. तथापि गॅस असलेल्या घरांतही अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटलेली दिसते, आणि तिचे कारण वरच्याच हिशेबात आहे. तेवढेच पाणी गॅसवर तापविण्यास रोज सुमारे पाव किलो गॅस लागेल, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर केवळ अंघोळीपायी दोन महिन्यांच्या आत संपेल. कोणतीही काटकसरी गृहिणी हे होऊ देणार नाही. सरपण जळतच राहणार. ते कसे जळते एवढाच प्रश्न उरतो.

येथे दोन क्रिया वेगळ्या समजून घेतल्या पाहिजेत. लाकूड पूर्ण जाळणे ही एक, आणि निर्माण झालेली उष्णता पाण्यास देणे ही दुसरी. पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधते असे नाही. किंबहुना एकीसाठी केलेली सुधारणा दुसरीस मारक ठरते, आणि बंबाचा दोष नेमका हाच आहे.

लाकडाचा वजनाने तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग तापल्यावर वायुरूप होतो. ज्वाला दिसते ती या वायूंची. मागे राहतो तो कोळसा, आणि तो निखारा होऊन जळतो. हे वायू पूर्ण जळण्यास तीन गोष्टी लागतात : सुमारे ६०० अंशांहून अधिक ताप, हवेशी नीट मिश्रण, आणि हे दोन्ही टिकून राहील इतका अवधी. यांपैकी एक जरी उणी पडली तरी वायू न जळताच निघून जातात. थंड झाल्यावर त्यांचाच धूर, डांबर आणि काजळी होते. धूर म्हणजे वाया गेलेले सरपण होय. परंतु तो केवळ वाया जात नाही. भारतातील राज्यवार रोगभाराच्या अभ्यासानुसार २०१९ साली घरातील धुरामुळे देशात सुमारे ६ लाख १० हजार मृत्यू झाले.

आता बंबातील नळीकडे पाहावे. नळीच्या एका अंगास जाळ आणि दुसऱ्या अंगास पाणी. पाणी आहे तोवर त्या भिंतीचा ताप १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. जाळीवरून उठलेली ज्वाला दोन बोटे वर जाते न जाते तोच तिला ही थंड भिंत भेटते. वायूंचा ताप ६०० अंशांखाली उतरतो आणि अर्धवट जळलेले वायू वाट सापडेल तसे वर निघून जातात. त्यात सरपणाचे तुकडे बहुधा वरूनच नळीत टाकले जातात. हे थंड तुकडे धगीवर पडताच नळी क्षणभर तुंबते आणि धुराचा लोट उठतो. पहाटे बंब पेटविणाऱ्याच्या डोळ्यांस पाणी येते ते यामुळे. बंबाने उष्णता घेण्याची घाई केली, ज्वाला पुरी होऊ दिली नाही, असे थोडक्यात म्हणता येईल.

थंड देशांतील शेगड्यांचा इतिहास हीच अडचण निराळ्या वेषात दाखवितो. बेंजामिन फ्रँकलिन याने १७४० च्या दशकात लोखंडी शेगडी योजिली, तेव्हा उष्णता भिंतीबाहेर जाऊ नये एवढाच त्याचा हेतू होता. धुराचा मार्ग त्याने उलटा वळविला. परिणामी धूर नीट वर चढेना, आणि त्याच्या मूळ नमुन्यात पुढे इतरांस फेरफार करावे लागले. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड याने अग्निकुंड उथळ केले, त्याच्या बाजू तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. रशिया व फिनलंड येथे वेगळाच मार्ग रूढ झाला. तेथील विटांच्या प्रचंड भट्टीत दिवसातून एकदोनदा थोडा वेळ मोठा जाळ करितात. ती उष्णता विटा साठवून ठेवतात आणि पुढे तासन्‌तास खोलीस देतात. मोठा जाळ स्वच्छ जळतो; धुमसत ठेवलेली आग कधीच स्वच्छ जळत नाही.

अमेरिकेत १९८८ साली लाकडी शेगड्यांच्या धुरावर कायद्याने मर्यादा आली. बिनउत्प्रेरकाच्या शेगडीस तासाला ७.५ ग्रॅम कणांची मर्यादा होती. २०२० पासून ती २ ग्रॅमवर आणण्यात आली. ही घट साधली ती मुख्यतः तीन उपायांनी. जळणकोठीस आतून उष्णतारोधक विटांचे अस्तर दिले. ज्वालेच्या वर आडवी तबकडी बसवून वायूंचा मार्ग लांबविला. आणि जाळाच्या वरच्या बाजूस लहान छिद्रांतून आधीच तापविलेली दुय्यम हवा सोडली. काही शेगड्यांत पॅलेडियमयुक्त उत्प्रेरकाची जाळी असते, तिच्या साहाय्याने धूर सुमारे ३०० अंशांवरही पेट घेतो. परंतु ती महाग असते आणि काजळीने निकामी होते. खेड्यातील बंबास ती उपयोगाची नाही.

भारतात सुधारणेचा भर चुलीवर राहिला. वर्ध्याच्या मगनवाडीतून आलेली मगन चूल आणि १९५३ साली हैदराबादेत एस. पी. राजू यांनी मांडलेली धूररहित चूल ही आरंभीची उदाहरणे. १९८३ नंतर केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो थांबला तोवर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसविल्या गेल्या होत्या. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेची लक्ष्मी चूल महाराष्ट्रात याच काळात पोहोचली. या चुलींनी धूर घराबाहेर नेला हे खरे; परंतु धूर बाहेर नेणे आणि धूर होऊ न देणे यांत मोठे अंतर आहे. अंघोळीच्या पाण्याकडे या सर्व खटाटोपात फारसे लक्ष गेले नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की यांनी जी ‘रॉकेट’ चूल मांडली तिच्यातील एक कल्पना मात्र बंबास जशीच्या तशी लागू पडते. तीत भांड्याच्या आधी एक लहानशी उभी, उष्णतारोधक नळी असते. ज्वाला तीत पूर्ण होते आणि मगच भांड्यास लागते. बंबासाठी याचा अर्थ असा की पाण्याची नळी जाळीपासूनच सुरू होऊ नये. जाळी आणि तांब्याची नळी यांच्यामध्ये एक कोरडी जळणकोठी असावी, आणि तिची उंची नळीच्या व्यासाच्या अडीच ते तीनपट असावी. व्यास १० सेंटिमीटर असेल तर कोठी २५ ते ३० सेंटिमीटर होते. म्हणजे बंब एका ओट्यावर चढवावा लागतो. सरपण वरून न टाकता कोठीच्या तळाशी आडव्या तोंडाने आत सरकवावे. टोके जळतील तसे ते पुढे ढकलावे, म्हणजे एकाच वेळी फार लाकूड तापत नाही.

कोठीचे अस्तर कशाचे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. जड विटेचे अस्तर रशियन भट्टीत योग्य, कारण तेथे विटेनेच उष्णता साठवावयाची असते. बंबात साठवण पाण्यात होते. तेव्हा विटेने घेतलेली उष्णता ही निव्वळ हानी ठरते. आग अर्धा-पाऊण तासच पेटायची, आणि जड अस्तर तापण्यातच त्यातला बराच वेळ जायचा. अस्तर हलके, सच्छिद्र हवे. चिकणमातीत भुसा मिसळून ती भाजली तर भुसा जळून जातो आणि बारीक पोकळ्या उरतात. अशा विटा कोठीभोवती रचून बाहेरच्या फटीत चाळलेली राख भरावी. राख ही उत्तम रोधक आहे आणि ती विकत आणावी लागत नाही.

तांब्याच्या गुणाविषयी एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक म्हणून बंब तांब्याचा करितात असे सांगितले जाते. वास्तविक बंबात उष्णतेस खरा अडथळा भिंतीचा नसतो; नळीत भिंतीलगत जो वायूचा संथ थर असतो त्याचा असतो. म्हणून लोखंडी पत्र्याचा बंबही पाणी जवळजवळ तितक्याच वेळात तापवितो. तांब्याचा खरा गुण हा की ते गंजत नाही आणि तांबटाच्या हातोडीस वश होते. वायूचा तो संथ थर मोडावयाचा तर नळीत पिळलेली लोखंडी पट्टी सोडावी; बाष्पित्रांच्या नळ्यांत हा उपाय जुना आहे. मात्र त्यासही मर्यादा आहे. एक मीटर उंचीच्या नळीत ३०० अंशांचे वायू असताना मिळणारी ओढ केवळ ५ ते ६ पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे अठरा हजारावा हिस्सा असते. एवढ्याशा ओढीवर एक किलो लाकडास लागणारी चार-पाच घनमीटर हवा आत यावयाची असते. नळी फार अरुंद केली, पट्टी फार पिळली किंवा काजळी साचू दिली, तर ओढ संपते आणि धूर तोंडावाटे परत येतो.

धामणगाव बढे हा कापसाचा मुलूख असल्याने तेथील सरपणात पऱ्हाटीचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही. पऱ्हाटी बोटाएवढी जाड असते, लवकर पेटते, लवकर संपते. तीन दगडांच्या चुलीत तिच्यापाशी बसून राहावे लागते. अरुंद, तापलेल्या कोठीत हाच अवगुण गुण होतो, कारण बारीक काडीतून वायू एकसारखे सुटतात. फोडलेल्या जाड लाकडासाठी केलेली कोठी तिला उपयोगाची नाही. तोंड लहान हवे. पऱ्हाटी जाळण्यास आणखी एक कारण आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाची जी हानी केली ती सर्वश्रुत आहे. शेताच्या बांधावर वा घरामागे रचून ठेवलेल्या पऱ्हाटीतील किडक्या बोंडांत ही अळी पुढील हंगामापर्यंत तग धरते. म्हणून सरपण म्हणून ठेवलेली पऱ्हाटी पावसाळ्यापूर्वी संपविणे, निदान तिच्यावरची बोंडे झाडून जाळून टाकणे, आवश्यक ठरते.

जागेविषयीची दक्षता सर्वांत महत्त्वाची. ज्वाला संपून निखारे उरले की धूर दिसेनासा होतो आणि बंब निर्धोक वाटू लागतो. वस्तुतः याच वेळी कार्बन मोनॉक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणात निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात तो प्राण घेऊ शकतो. ऊब मिळावी म्हणून पेटता बंब न्हाणीत आणून दार लावण्याची सवय पूर्णपणे टाकली पाहिजे. बंब पडवीत किंवा उघड्या अंगणात असावा आणि पाणी तेवढे आत न्यावे.

सुधारलेला बंब खरोखर सुधारला की नाही हे ठरविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. ताणकाट्यावर सरपण तोलावे, पाणी मापून घ्यावे, आधीचा व नंतरचा ताप साध्या तापमापकाने पाहावा, आणि वरील हिशेब उलटा करावा. जुन्या व नव्या बंबावर तीन-तीन दिवस हे केले तर फरक कळतो. परंतु पहिल्या महिन्यातील आकड्यावर विसंबणे बरे नव्हे. ओडिशातील सुमारे २,६०० घरांत सुधारित चुलींचा चार वर्षे अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन यांनी प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षी धूर श्वासात कमी गेल्याचे दिसले. पुढे चुली मोडल्या, धुराडी तुंबली, दुरुस्ती कोणी केली नाही, आणि तो लाभ नाहीसा झाला. बंबाच्या कोठीतील भाजलेल्या मातीचे अस्तरही वर्षा-दोन वर्षांत तडकणार. तांब्याचा बंब पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो डाख देणारा तांबट बाजारच्या गावी भेटत असे म्हणून. या अस्तराची वीट मात्र गावच्या कुंभाराच्या आव्यात भाजता येईल अशाच मापाची ठेवावी लागेल, आणि तिचा साचा एक बंबाबरोबर आणि एक कुंभाराकडे असावा लागेल.