अंगणातील जागता दिवा

दिवेलागणीची वेळ झाली की तुळशीवृंदावनापाशी पणती आणि ओटीवर कंदील लावण्याची रीत पूर्वी महाराष्ट्रात घरोघरी होती. कंदिलाची काच पुसणे, वात कापणे, तेल घालणे ही कामे कोणीतरी न विसरता करावी लागत. ज्या दिवशी ती राहून जात, त्या दिवशी अंगण अंधारात बुडून जाई. पुढे विजेचे दिवे आले. वात आणि तेल ह्यांची कटकट गेली. परंतु दिवा लावण्याची व मालवण्याची आठवण माणसालाच ठेवावी लागे. आता अंधार पडल्याचे किंवा कोणी आल्याचे ओळखून आपोआप लागणारे दिवे मिळू लागले आहेत. दिव्याला ही जाणीव देणाऱ्या उपकरणास संवेदक किंवा सेन्सर असे म्हणतात.

तथापि संवेदक विकत आणला आणि भिंतीवर बसविला की काम संपले, असे नव्हे. तो कोठे बसवावा, त्याच्यापर्यंत किती तारा न्याव्यात आणि त्या कोणत्या वाटेने न्याव्यात, हे भिंत फोडण्यापूर्वीच ठरवावे लागते. मागाहून आठवलेल्या एका तारेसाठी गिलावा केलेली भिंत पुन्हा फोडावी लागते. तो त्रास टाळण्यासाठी कोणी उघड्यावरून तार ओढून घेतली, तर ती पावसाळ्यात जिवावर बेतू शकते. म्हणून तारांचा आराखडा आधी कागदावर तयार झाला पाहिजे.

आराखडा काढण्यापूर्वी संवेदकाचा स्वभाव ओळखावा लागतो. संवेदक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार प्रकाश ओळखणारा. सेलेनियम ह्या मूलद्रव्यावर प्रकाश पडला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, ही गोष्ट विलोबी स्मिथ ह्या इंग्रज अभियंत्याने १८७३ साली जाहीर केली. समुद्रतळाशी टाकावयाच्या तारायंत्राच्या केबलींची परीक्षा चालू असताना त्या कामी वापरलेल्या सेलेनियमचा रोध एकसारखा राहीना. त्याचे कारण शोधताना हा गुण उघडकीस आला. ह्याच गुणाचे दुसरे पदार्थ पुढे सापडले आणि त्यांपासून प्रकाशसंवेदक बनू लागले. सायंकाळी प्रकाश मंदावला की असा संवेदक दिव्याचा प्रवाह सुरू करतो आणि उजाडताच तो तोडतो.

दुसरा प्रकार हालचाल ओळखणारा. माणसाच्या आणि जनावरांच्या उबदार शरीरातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. ह्या संवेदकाच्या आत ते किरण टिपणारे दोन भाग शेजारी शेजारी असतात. माणूस समोरून आडवा गेला की किरण आधी एका भागावर आणि मग दुसऱ्या भागावर पडतात. हा फरक जाणवताच दिवा लागतो आणि ठरवून दिलेला वेळ संपल्यावर मालवतो. अशा बहुतेक उपकरणांत प्रकाशसंवेदकही बसविलेला असतो. त्यामुळे दिवसा कितीही माणसे आली-गेली तरी दिवा लागत नाही.

आता जागेचा विचार. समजा, एका घराला पूर्वेस फाटक आहे. फाटकापासून ओटीच्या पायऱ्यांपर्यंत पायवाट आहे, उजव्या हातास विहीर आहे आणि मागे परसात गोठा आहे. कागदावर घराचा चौकोन काढून ही सारी ठिकाणे मांडावीत आणि रात्री माणसे जेथून ये-जा करतात, त्या वाटा रेघांनी दाखवाव्यात. हालचाल ओळखणारा संवेदक समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडव्या जाणाऱ्याला लवकर ओळखतो. म्हणून तो वाटेच्या टोकाला न बसविता वाटेच्या बाजूस, साधारण दोन ते अडीच मीटर उंचीवर बसवावा. तो खिडकीच्या काचेआड ठेवू नये, कारण साध्या काचेतून हे किरण पार होत नाहीत. त्याची नजर गोठ्याकडे असू नये. नाहीतर गाईने मान हलविली तरी दिवा लागेल. प्रकाशसंवेदकाला आकाशाचा उजेड दिसावा. परंतु त्याच्याच दिव्याचा प्रकाश त्याच्यावर पडू नये. तसे झाले तर दिवा लागताच संवेदकाला उजाडल्याचा भास होईल, तो दिवा मालवील, पुन्हा अंधार दिसताच लावील आणि हा खेळ रात्रभर चालू राहील.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. साप हा थंड रक्ताचा प्राणी आहे. त्याचे शरीर भोवतालच्या जमिनीइतकेच थंड किंवा उबदार असते. त्यामुळे साप समोरून गेला तरी हा संवेदक बहुधा जागा होत नाही. दिवा लागतो तो माणसाच्या येण्याने. म्हणून माणूस पायरीवर पोहोचल्यावर नव्हे, तर पायरी चार-पाच पावले दूर असतानाच संवेदकाने त्याला ओळखले पाहिजे. पाऊल पडण्यापूर्वी उजेड पडावा, ह्यासाठीच आराखड्यातील संवेदकाची जागा विचारपूर्वक निवडावयाची असते.

जागा ठरली की तारांची मोजदाद करावयाची. भारतातील घरांत येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि ती तीन तारांनी खेळविली जाते. वीजयुक्त तार प्रवाह आणते, तटस्थ तार तो परत नेते आणि भूसंपर्क तार काही बिघाड झाल्यास प्रवाहाला जमिनीकडे वाट करून देते. ह्या तारांसाठी अनुक्रमे लाल, काळा आणि हिरवा हे रंग वापरण्याची पद्धत आहे. साध्या दिव्याचे बटण वीजयुक्त तारेवर असते. पाटाच्या पाण्याला जशी फळी आडवी घालावी, तसे बटण प्रवाह अडविते किंवा सोडते. संवेदक हेही एक बटणच होय. मात्र ते जागे असलेले बटण आहे. दिवा मालवलेला असतानाही त्याला थोडी वीज लागते. त्यासाठी बहुतेक संवेदकांना वीजयुक्त तारेबरोबर तटस्थ तारही द्यावी लागते. अनेक घरांत बटणाच्या पेटीत तटस्थ तार आणलेलीच नसते. तेथे असा संवेदक चालत नाही, आणि हे पुष्कळदा भिंत बांधून झाल्यावर कळते.

कधी कधी दिवा सारखा लागलेला हवा असतो. घरी कार्य असते किंवा कोणी आजारी असते. त्यासाठी संवेदकाला वळसा घालून दिव्यापर्यंत प्रवाह नेणारे दुसरे बटण ठेवतात. संवेदक दिव्याजवळ असेल, तर घरातील फळ्यापासून तेथपर्यंत चार तारा न्याव्या लागतात. पहिल्या बटणातून संवेदकाकडे जाणारी वीजयुक्त तार, दुसऱ्या बटणातून थेट दिव्याकडे जाणारी वीजयुक्त तार, तटस्थ तार आणि भूसंपर्क तार अशा त्या चार होत. ह्या दोन्ही वीजयुक्त तारा घरातील एकाच सर्किटमधून घेतल्या पाहिजेत. एक तार एकीकडून व दुसरी दुसरीकडून घेतली, तर एक सर्किट बंद करून दुरुस्तीस बसलेल्या माणसाला दुसऱ्याचा झटका बसेल.

घराबाहेरच्या तारांना ऊन आणि पाऊस ह्यांच्याशी झगडावे लागते. म्हणून त्या नळीतून न्याव्यात आणि जमिनीखालून न्यावयाच्या असल्यास त्यासाठीच बनविलेली केबल पुरेशी खोल पुरावी. दिव्याच्या पेटीत तार खालच्या बाजूने शिरावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी आत न जाता खाली ठिबकून जाते. दिव्यावर आयपी ६५ अशी खूण असेल तर त्यात धूळ शिरत नाही आणि पाण्याच्या फवाऱ्यानेही त्याला अपाय होत नाही. ह्याखेरीज ह्या तारांच्या मुळाशी आर.सी.सी.बी. नावाचे रक्षक उपकरण असावे. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह ह्यांची ते सतत तुलना करते. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कोठेतरी, कदाचित एखाद्या माणसाच्या शरीरातून, वीज गळत आहे असे समजून ते क्षणार्धात प्रवाह तोडते.

एवढ्या खटाटोपाने वीज किती वाचते? १० वॉटचा दिवा बारा तास जळला तर १२० वॉट-तास वीज लागते. हालचालीने लागणारा तोच दिवा रात्रीतून एक तास लागला, तर १० वॉट-तास पुरतात. संवेदकाला स्वतःला अर्धा वॉट लागत असेल, तर चोवीस तासांत त्याचे १२ वॉट-तास होतात. म्हणजे पहारेकरी दिव्यापेक्षा थोडी अधिकच वीज खातो. तरीही एकूण खर्च १२० वरून २२ वर येतो.

आराखडा काढण्याचे काम मुलांनाही करता येते. अंतरे मोजणे, वाटा आखणे, तारा मोजणे ह्यांत धोका नाही. प्रत्यक्ष जोडणी मात्र परवानाधारक तारतंत्र्यानेच करावयाची असते आणि त्यानेही मुख्य बटण बंद करून, तारेत वीज नाही अशी खात्री करूनच हात घालावयाचा असतो. काम पुरे झाल्यावर तारा ज्या वाटेने प्रत्यक्ष गेल्या असतील, ती वाट आराखड्यावर दुरुस्त करून तो कागद घरात जपून ठेवावा. काही वर्षांनी कोणी भिंतीत खिळा ठोकावयास किंवा अंगणात खड्डा खणावयास निघाला, तर कोठे हात राखावयाचा, हे त्या कागदावरून त्याला कळेल.