मार्टिन बुबर आणि आपली 'चुकामूक'

'चुकामूक'साठी जर्मनमध्ये नेमका शब्द नव्हता. यहुदी तत्त्वज्ञ मार्टिन बुबर (जन्म व्हिएन्ना, १८७८) यांना तो घडवावा लागला: 'फेरगेग्नुंग'. मार्टिन तीन वर्षांचा असताना आई घर सोडून गेली. लेंबर्गला आजोबांच्या घरी चौकाभोवती लाकडी सज्जा होता, थेट आपल्या वाड्यासारखा. तिथं वयानं मोठ्या एका मुलीनं त्याला सांगून टाकलं: तुझी आई आता कधीच यायची नाही. पुढे बुबर स्वतः बाप झाल्यावर आई आली. समोर बसली. पण भेट काही झाली नाही! मराठी येत असती तर बिचाऱ्यांचे कष्ट वाचले असते.

अकराव्या वर्षी आजोबांच्या तबेल्यात करड्या घोड्याची आयाळ कुरवाळताना त्याला वाटे, हे कुणीतरी दुसरं, जिवंत, आपल्याशी बोलतंय. एकदा मात्र 'काय मजा येतेय माझ्या हाताला' असं मनात आलं, आणि संपलं. हात उरला, घोडा गेला.

समोरच्याच्या याच 'तू'पणावर बुबर यांचं गाजलेलं पुस्तक आहे: 'इख उंड डू' (१९२३), म्हणजे 'मी आणि तू'. इंग्रजीत 'डू'चा 'दाऊ' झाला आणि त्याला चर्चमधला वास आला. मूळ 'डू' घरातला, लेकराला नि देवालाही चालणारा. आईला आणि विठोबाला अरे-तुरे करणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको.

सर्वांत मोठी चुकामूक वर्ध्याजवळच्या सेगावची. नोव्हेंबर १९३८मध्ये गांधीजींनी तिथून 'हरिजन'साठी लेख लिहिला: जर्मनीतल्या यहुद्यांनी सत्याग्रह करावा. बुबर त्याच वर्षी जर्मनी सोडून जेरुसलेमला आलेले, वर गांधीजींचे चाहते. २४ फेब्रुवारी १९३९ला त्यांनी लांबलचक पत्र लिहिलं. मुद्दा असा, की जिथं बघणारा कुणी नाही, तिथल्या हौतात्म्याची साक्ष कोण देणार? गांधीजींचं उत्तर आलं नाही.

एक चुकामूक मात्र भेटीत संपली, काशीत. ती बुबरांची नाही. ती फ्रान्समधल्या मेत्सच्या रब्बीच्या मुलाची, डॉक्टर वाइनट्रोबची. निघाला होता रमण महर्षी आणि अरविंदांच्या ओढीनं. दोघंही १९५०मध्येच गेलेले, म्हणजे पुन्हा तेच! फेब्रुवारी १९५१मध्ये काशीत संत आनंदमयी माँ भेटल्या, आणि थोड्या दिवसांसाठी आलेला पाहुणा स्वामी विजयानंद होऊन भारतातच राहिला. २०१०मध्ये फ्रान्सला परतला, तो पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत.