कार्ल्याच्या खांबांवरचे यवन

कार्ल्याचं चैत्यगृह एकट्या राजाने उभारलेलं नाही. इ.स. पहिल्या शतकाच्या सुमारास अनेकांनी त्यातला एकेक खांब दान केला आणि त्यावर आपलं नाव कोरून घेतलं. या दात्यांत धेनुकाकट गावचे ‘यवन’ आहेत: सीहधय, यसवधन, चुलयख. यवन म्हणजे मुळात ग्रीक. पुढे पश्चिमेकडच्या इतरांनाही तेच म्हणू लागले, तेव्हा यातला प्रत्येक जण रक्ताने ग्रीकच होता असं छातीठोकपणे सांगता येत नाही. नावं मात्र अस्सल इथली, लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. त्या लेखांत ग्रीक अक्षर एकही नाही.

ही माणसं इतक्या लांब आली कशी? काही उत्तरेतल्या ग्रीक राज्यांकडून खुष्कीने आली असावीत. नाशिकच्या पांडवलेण्यांत दत्तामित्रीचा योनक इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडचा म्हणवतो. दुसरी वाट समुद्राची, आणि तिचं वेळापत्रक वारा ठरवी. जुलैत इजिप्तहून सुटलेलं जहाज नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर सप्टेंबरच्या सुमारास आपल्या किनाऱ्याला लागे. परतीचा ईशान्य वारा सुटेपर्यंत खलाशी-व्यापाऱ्यांना महिनोन्‌महिने इथेच थांबावं लागे. कल्याणहून नाणेघाट चढला की जुन्नर. काही जण तिथेच स्थिरावले.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो जुन्नरचा यवन इरिल. त्याने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्या. आपला बेसॉल्ट कठीण. धो-धो पाऊस पडला तरी डोंगरावरचं पाणी वाहून जातं आणि चैत्र-वैशाखात घसा कोरडा पडतो. इथला उन्हाळा सोसलेल्या माणसालाच असं दान सुचावं. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला, तर चंद या यवनाच्या दानाचा लेख जुन्नरच्याच मानमोडी डोंगरातल्या चैत्यावर आहे.

पुण्याचे इतिहासकार दा. ध. कोसंबी यांनी या लेखांचा पिच्छा पुरवला. कार्ल्याच्या एका खांबावरच्या स्फिंक्सकडे त्यांनी लक्ष वेधलं आणि धेनुकाकट कार्ल्याच्या परिसरातच असावं, असं मांडलं. काही अभ्यासक ते आंध्रातल्या धरणीकोटजवळ नेतात. मला कोसंबींचं म्हणणं पटतं: चैत्यगृहाला इतके दाते पुरवणारं गाव हाकेच्या अंतरावर असणंच स्वाभाविक.

उत्खननात परदेशी खापरं मिळाली तरी सावध राहावं लागतं. मद्याच्या कुंभाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की तो इटलीच्या कंपानिया भागातला असल्यास मातीत ज्वालामुखीची काळी वाळू दिसते. पूर्वी रोमन मानलेली कितीतरी खापरं अशा तपासणीत मेसोपोटेमियाची निघाली आहेत. शिवाय मद्याचा कुंभ हातोहात विकला जाऊन कुठल्याही गावी पोचतो. टाकी खोदवून घेणारा माणूस मात्र तिथेच राहतो, म्हणून यवनवस्तीसाठी जुन्नरच्या पोढींचा पुरावा मला खापरांपेक्षा भक्कम वाटतो.