रक्तातील फॉस्फेटचे नियमन आणि फ्यूजन प्रथिने

निरोगी प्रौढाच्या रक्तात फॉस्फेटरूपी फॉस्फरसचे प्रमाण दर डेसिलिटरला साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असते. एक्सएलएच या आनुवंशिक विकारात ते घटते. मुलांची हाडे मऊ राहतात, पाय वाकतात, उंची खुंटते. नुसते तोंडावाटे फॉस्फेट देणे म्हणजे गळक्या मडक्यात पाणी ओतणे, कारण त्यातले बरेचसे लघवीवाटे निघून जाते. म्हणून आधी गळतीचे कारण पाहू.

हाडांतील पेशी एफजीएफ२३ हे संप्रेरक तयार करतात. त्याचे शेपूट मूत्रपिंडातील पेशींवरच्या ग्राही आणि क्लोथो या जोडीला धरते व उरलेला भाग संदेश सुरू करतो. मग गाळलेले फॉस्फेट रक्तात परत शोषले जाण्याचे प्रमाण कमी होते. एक्सएलएचमध्ये फेक्स जनुकातील दोषामुळे एफजीएफ२३ वाढते.

शरीर हे प्रथिन १७९ व १८० क्रमांकांच्या अमिनो आम्लांमध्ये तोडून निकामी करते. तुटलेले शेपूट (१८० ते २५१) त्या जोडीवर बसू शकते, पण संदेश देऊ शकत नाही. कुलपात मोडकी किल्ली अडकली की खरी किल्ली आत जात नाही, तसेच हे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत या तुकड्याने फॉस्फेटची गळती कमी झाली.

अडचण अशी की ७२ अमिनो आम्लांचा हा तुकडा जेमतेम ८ किलोडाल्टनचा आहे. मूत्रपिंड तो सहज गाळून टाकते. म्हणून त्याचे जनुक प्रतिपिंडाच्या एफसी भागाच्या जनुकाला जोडतात. तयार होणाऱ्या फ्यूजन प्रथिनाला दोन फायदे मिळतात:

१. एफसीच्या दोन साखळ्या जुळतात, त्यामुळे आकार मोठा होतो आणि गाळले जाणे घटते.
२. पेशींतील एफसीआरएन ग्राही एफसी भागाला विघटनापासून वाचवून रक्तात परत सोडतो.

दोन्ही भागांच्या घडणीत अडथळा येऊ नये म्हणून मध्ये ग्लायसिन-सेरीनचा लवचीक दुवा ठेवता येतो.

२०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ब्युरोसुमॅब हे प्रतिपिंड एफजीएफ२३ लाच पकडते; वरील फ्यूजन प्रथिन त्याची बसण्याची जागा अडवते. दोन्हींत मात्रा सांभाळावी लागते, कारण फॉस्फेट फार वाढले तर मऊ ऊतींत कॅल्शियम साचू शकते.

विचार करा: रक्तातील फॉस्फेट कमी करायचे असेल, तर एफसीला एफजीएफ२३ चा कोणता भाग जोडाल, आणि १७९ व्या जागी काय बदल कराल?